जखम भरते, आग राहते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बाथरूममध्ये पाय घसरतो, पडताना आधारासाठी आपण हात टेकतो आणि मनगटाचे हाड मोडते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात ही गोष्ट कधी ना कधी घडलेली असते. प्लास्टर होते, पाच-सहा आठवड्यांनी ते निघते, एक्स-रेत हाड नीट जुळलेले दिसते. डॉक्टर म्हणतात, आता हात वापरायला लागा. बहुतेकांची गोष्ट इथेच संपते. काही थोड्यांची मात्र इथून सुरू होते.

हात सुजलेलाच राहतो. कातडी कधी लाल, कधी निळसर होते, तळव्याला घाम सुटतो. मुख्य म्हणजे आग होते. पंख्याचा वारा लागला तरी कळ येते, ब्लाऊजची बाही घासली तरी डोळ्यांत पाणी येते. घरचे आधी काळजी करतात, मग कंटाळतात आणि शेवटी कुणीतरी म्हणतेच, "अहो, हाड तर जुळलंय, मग दुखतं कसं? मनाचे खेळ आहेत सगळे."

हे वाक्य नवीन नाही. गेली दीडशेहून अधिक वर्षे ते निरनिराळ्या भाषांत उच्चारले गेले आहे. ते खोटे ठरवण्यासाठी डॉक्टरांनी सुईच्या टोकावर औषध घेऊन जो प्रवास केला, त्याची आज गोष्ट सांगायची आहे. या गोष्टीत विजय आहेत, तशी माघारही आहे. आणि माझ्या मते माघारीचा भागच अधिक शिकवणारा आहे.

फिलाडेल्फियातील ओले हात

सुरुवात होते अमेरिकेतील यादवी युद्धात. त्या काळातील बंदुकीची गोळी मऊ शिशाची असे. ती शरीरात शिरताना पसरे आणि वाटेतल्या नसा चिरडून जाई. दंडाला किंवा काखेजवळ गोळी लागलेले अनेक सैनिक जिवानिशी वाचत, पण त्यांच्या हाताच्या नसा दुखावलेल्या राहत. अशा रुग्णांसाठी फिलाडेल्फियात टर्नर्स लेन नावाचे एक लष्करी रुग्णालय उभे राहिले. नसांच्या जखमांसाठी खास वेगळे काढलेले असे रुग्णालय तोवर जवळजवळ नव्हतेच. तिथे सायलस वेअर मिचेल, जॉर्ज मोरहाऊस आणि तरुण विल्यम कीन हे तीन डॉक्टर काम करत होते.

त्यांनी जे पाहिले ते विलक्षण होते. गोळीची जखम भरून आलेली, पण सैनिकाच्या तळहाताची जणू कोणी निखारा ठेवावा तशी आग होते आहे. हे रुग्ण हाताला सतत ओले फडके गुंडाळून ठेवत. पाण्याची बाटली त्यांच्यापासून हलत नसे. कोरडा स्पर्श सोसवेना म्हणून काही जण पायांतल्या बुटांतही पाणी ओतून चालत. वॉर्डात कोणी वर्तमानपत्राची घडी उलगडली, कोणी जोराने पाऊल टाकले, बाहेर लष्करी बँड वाजला, तरी त्यांची वेदना उसळे. रणांगणावर न डगमगलेली माणसे हाताला कोणी हात लावील या भीतीने कोपऱ्यात बसून राहत.

1864 साली या तिघांनी आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुढे या वेदनेला नावही मिळाले, 'कॉजाल्जिया'. ग्रीक भाषेत त्याचा सरळ अर्थ आहे 'जळती वेदना'. नाव मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. नाव मिळाले की आजार खरा ठरतो. तोवर अशा सैनिकाकडे युद्धावरून पळ काढण्यासाठी सोंग करणारा म्हणून पाहिले जाण्याची भीती असे, आणि मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोंग कसे ओळखावे यावरही लिहिले आहे. खरा आणि खोटा यांत फरक करण्याचे काम त्यांच्यावरच होते. कॉजाल्जियाच्या रुग्णांवर मात्र त्यांनी विश्वास ठेवला.

उपाय काय होता? मॉर्फिन. कातडीखाली सुई टोचून औषध देण्याची पद्धत तेव्हा नवीच होती. त्या रुग्णालयात वर्षभरात मॉर्फिनची 40 हजारांवर इंजेक्शने दिली गेल्याची नोंद मिचेल यांनी करून ठेवली आहे. त्याने आराम पडे, पण मॉर्फिन सगळ्या माणसालाच गुंगवते. दुखतो हात, झोपतो माणूस. शिवाय औषध उतरले की आग पुन्हा सुरू. मिचेल यांचे चिरंजीव जॉन यांनी पुढे वडिलांच्या जुन्या रुग्णांचा पाठपुरावा केला आणि 1895 साली त्यावर पुस्तक लिहिले. तीसएक वर्षांनंतरही त्यांतल्या काहींची वेदना गेलेली नव्हती.

फक्त हात झोपवता आला तर?

याच सुमारास युरोपात वेगळाच शोध लागला. 1884 च्या सप्टेंबरमध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरचा शोध जगापुढे आला. कोकेनचे थेंब डोळ्यांत टाकले की डोळा बधिर होतो, आणि रुग्ण जागा असताना शस्त्रक्रिया करता येते. ही बातमी न्यूयॉर्कला पोचताच विल्यम हॉल्स्टेड या शल्यचिकित्सकाने पुढचा प्रश्न विचारला. कातडीवर औषध लावण्याऐवजी ते थेट नसेपाशी सोडले तर? नस म्हणजे संदेशांची वाट. वाटच अडवली तर पलीकडचा सगळा भाग बधिर व्हायला हवा. तसे झाले. जबड्याच्या, हाताच्या नसा त्याने अशा बधिर करून दाखवल्या. मात्र हे प्रयोग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःवरही केले, आणि कोकेनचे व्यसन जडून त्याला फार मोठी किंमत मोजावी लागली.

कोकेनचा गुण हवा, दुर्गुण नको, या शोधात जर्मनीच्या आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोव्होकेन तयार केले. ते 1905 पासून वापरात आले. नंतर स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी 1943 मध्ये लिग्नोकेन बनवले. दात काढताना हिरडीत जे इंजेक्शन मिळते, ज्याला आपण सरसकट 'झायलोकेन' म्हणतो, ते हेच.

ही औषधे करतात काय? नसेतून संदेश जातो तो विजेच्या लहान लहान लाटेसारखा. ती लाट पुढे सरकण्यासाठी नसेच्या आवरणातली सूक्ष्म दारे उघडून सोडियमचे कण आत यावे लागतात. हे औषध ती दारे आतून अडवून धरते. दार बंद, लाट बंद, संदेश बंद. काही तासांत रक्त औषध वाहून नेते आणि दारे पुन्हा उघडतात. नसेला इजा होत नाही, ती फक्त काही काळ गप्प बसते.

हाताच्या बाबतीत निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. मानेच्या मणक्यांतून निघालेल्या हाताच्या सगळ्या नसा गळपट्टीच्या हाडामागून, पहिल्या बरगडीवरून, काखेतून एका जुडग्यासारख्या जातात. 1911 साली जर्मनीत दोन डॉक्टरांनी या जुडग्यापर्यंत कातडीवरूनच सुईने पोचण्याचे दोन मार्ग सांगितले. हिर्शेल यांनी काखेतून आणि कुलेनकाम्फ यांनी गळपट्टीच्या हाडावरून. कुलेनकाम्फ यांनी आपला मार्ग आधी स्वतःवर करून पाहिला होता. आज हाताच्या शस्त्रक्रियेला 'फक्त हातापुरती भूल' देतात, तिची ही पूर्वपीठिका.

लरीश आणि दुसरी वाट

पण शस्त्रक्रियेपुरता हात बधिर करणे वेगळे आणि महिनोन्‌महिने जळणाऱ्या हाताला आराम देणे वेगळे. ते काम पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत फ्रान्सच्या रेने लरीश यांच्याकडे आले. त्यांच्या लक्षात आले की या सैनिकांच्या हातात आगीबरोबर आणखीही काही घडते आहे. रंग बदलतो, घाम येतो, हात गरम किंवा गार पडतो. ही कामे स्पर्शाच्या नसांची नव्हेत. ती आपल्या इच्छेविना चालणाऱ्या, रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या आणि घाम आणणाऱ्या नसांची. शास्त्रीय मराठीत त्या संस्थेला 'अनुकंपी' म्हणतात. मग या वेदनेत तिचाच हात असेल का? लरीश यांनी दंडाच्या धमनीभोवतीचे या नसांचे जाळे सोलून काढण्याची शस्त्रक्रिया केली, रुग्णाला आराम पडला आणि 1916 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले.

हाताला जाणाऱ्या या अनुकंपी नसांचे एक ठाणे मानेच्या तळाशी, पहिल्या बरगडीपाशी असते. त्याच्या आकारावरून त्याला तारकेचे नाव आहे, 'स्टेलेट गँग्लिऑन'. लरीश आणि त्यांचे सहकारी पुढे चाकूऐवजी सुई वापरू लागले. या ठाण्यापाशी नोव्होकेन सोडायचे. औषध बरोबर जागी पोचले की नाही हे ओळखण्याची खूणही मजेदार आहे. काही मिनिटांत त्याच बाजूच्या डोळ्याची पापणी किंचित खाली येते, बाहुली लहान होते आणि हात उबदार होतो. रुग्णाला हाताने पेला धरता येतो, बोटे हलवता येतात, स्पर्श कळतो. तरीही आग मात्र निवते. म्हणजे स्पर्शाची वाट चालू आहे आणि जळण्याची बंद झाली आहे!

लरीश यांचा आणखी एक आग्रह होता, तो मला या औषधांहूनही मोलाचा वाटतो. वेदना ही शरीराची उपकारक सूचना आहे, असे त्या काळी सर्रास मानले जाई. लरीश यांचे म्हणणे, रोज वेदना पाहणारा डॉक्टर असे बोलूच शकत नाही. पहिली सूचना उपयोगाची असेल, पण महिनोन्‌महिने चाललेली वेदना ही सूचना नसते, ती स्वतःच एक आजार असते. 1937 साली त्यांचे वेदनेच्या शल्यचिकित्सेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले, त्याचा गाभा हाच आहे.

कोड्यात टाकणारा आराम

इथे एक कोडे उभे राहिले. नोव्होकेनचा अंमल तासा-दोन तासांचा. तरीही काही रुग्णांना आराम दिवसेंदिवस टिके, काहींना तर चार-पाच इंजेक्शनांनंतर कायमचा. औषध गेले, मग आराम मागे कसा राहिला? अमेरिकेचे विल्यम लिव्हिंगस्टन यांनी 1943 च्या आपल्या पुस्तकात एक कल्पना मांडली. दुखापतीच्या जागेवरून संदेश मज्जारज्जूत येतात, तिथल्या पेशी चेतवल्या जातात, त्या अनुकंपी नसांना चिथावतात, त्याने हातातील रक्तपुरवठा बिघडतो आणि त्यातून पुन्हा वेदनेचे संदेश निघतात. असे हे दुष्टचक्र. इंजेक्शनाने चक्राचा एक आरा थोडा वेळ जरी रोखला तरी ते थांबू शकते. कल्पना सुरेख होती आणि पुढची तीस-चाळीस वर्षे वेदनेवर उपचार करणाऱ्यांनी तिच्यावर भिस्त ठेवली.

याच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जॉन बोनिका नावाचा एक धिप्पाड तरुण डॉक्टर वॉशिंग्टन राज्यातील मॅडिगन लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून दाखल झाला. इटलीतल्या एका लहानशा बेटावर जन्मलेला हा माणूस. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी तो तोंडावर मुखवटा चढवून व्यावसायिक कुस्त्या खेळत असे! त्या कुस्त्यांनी त्याच्या सांध्यांची इतकी नासधूस केली की पुढे जन्मभर तो स्वतः वेदनेशी झुंजत राहिला. नस बधिर करण्यात त्याचा हात चांगला बसला होता. म्हणून जळत्या हातांचे, तुटलेल्या अवयवांचे सैनिक त्याच्याकडे पाठवले जाऊ लागले.

बोनिका इंजेक्शने देत गेला आणि त्याच्या लक्षात आले की काहींना गुण येतो, काहींना येत नाही, आणि का येत नाही हे त्याला एकट्याला समजत नाही. त्याने हाडांचे, मेंदूचे, मनोविकारांचे डॉक्टर गाठले. प्रत्येक जण कागदावर आपले मत लिहून पाठवी आणि त्या मतांची मोट काही बांधली जात नसे. शेवटी त्याने या सगळ्यांना दुपारच्या जेवणाला एका टेबलाशी बसवायला सुरुवात केली. आज मोठ्या शहरांतून जी 'पेन क्लिनिक' दिसतात, त्यांची कल्पना त्या जेवणाच्या टेबलावरची. 1953 साली बोनिकाने वेदनेच्या उपचारांवर प्रचंड ग्रंथ लिहिला आणि 1973 मध्ये जगभरच्या संशोधकांना एकत्र बोलावले. त्यातूनच वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना जन्माला आली.

माघार

आता माघारीकडे येऊ. 1974 मध्ये इंग्लंडच्या हॅनिंग्टन-किफ यांनी एक सोपा उपाय सुचवला. दंडाला घट्ट पट्टा बांधून हाताचा रक्तप्रवाह थोडा वेळ थांबवायचा आणि शिरेतून ग्वानेथिडिन हे औषध सोडायचे. मुळात हे रक्तदाबाचे औषध. ते अनुकंपी नसांच्या टोकांशी साठलेले रसायन रिते करते. मानेत सुई घालण्याची जोखीम नाही. ही पद्धत भराभर पसरली. रुग्ण आराम पडल्याचे सांगत, डॉक्टर समाधानी होते.

पण वैद्यकशास्त्राने दरम्यान एक शिस्त अंगी बाणवली होती. औषध आणि नुसते मिठाचे पाणी, दोन्ही द्यायचे. कोणाला काय दिले हे ना रुग्णाला कळू द्यायचे, ना तपासणाऱ्याला. अशी परीक्षा ग्वानेथिडिनची झाली, तेव्हा निकाल निराशाजनक लागला. 1995 च्या एका चाचणीत औषध पाण्याहून सरस ठरले नाही. 2002 मध्ये मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर हा विकार झालेल्या 57 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तिथेही तेच, उलट औषधाने हाताचा रंग आणि तापमान पूर्ववत व्हायला उशीरच होत असावा अशी शंका आली.

मानेतल्या इंजेक्शनाचे काय? 1998 च्या एका छोट्या पण विचारात पाडणाऱ्या अभ्यासात सात रुग्णांना एकदा बधिर करणारे औषध आणि एकदा नुसते पाणी टोचले. सुरुवातीचा आराम दोन्हींनी जवळजवळ सारखाच पडला! फरक होता तो टिकण्यात. पाण्याचा आराम दिवसभरही टिकला नाही, औषधाचा सरासरी तीन दिवसांहून अधिक टिकला. म्हणजे औषधाला गुण आहे, पण त्या पहिल्या सुटकेच्या निःश्वासात काही वाटा आशेचा, विश्वासाचा आणि कोणीतरी आपल्यासाठी काही करते आहे या जाणिवेचाही आहे. त्यानंतर सगळ्या चाचण्या एकत्र पडताळून पाहणाऱ्यांनी हेच सांगितले की एकट्या या इंजेक्शनाने दीर्घकाळ गुण येतो असा भक्कम पुरावा नाही.

विकाराच्या नावातही या माघारीचे प्रतिबिंब आहे. 1940 च्या दशकापासून तो अनुकंपी नसांच्या नावाने ओळखला जाई, जणू गुन्हेगार सापडलाच आहे. 1994 मध्ये ते नाव मागे घेतले गेले आणि 'कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम' असे सावध नाव आले. अर्थ एवढाच की एका भागाची, गुंतागुंतीची वेदना. काहींमध्ये अनुकंपी नसा गुंतलेल्या असतात, सगळ्यांमध्ये नाही. दाह, मज्जारज्जूची वाढलेली संवेदना, मेंदूत असलेला हाताचा 'नकाशा' बदलणे, अशा अनेक गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात.

एक मर्यादा इथे स्पष्ट सांगायला हवी, कारण आपले रस्ते दुचाकींनी भरलेले आहेत. दुचाकीवरून खांद्यावर आपटल्यास कधी कधी हाताच्या नसा मज्जारज्जूतून मुळापासूनच उपटल्या जातात. तिथेही भयंकर आग होते, पण ती मज्जारज्जूतच उगम पावते. हाताकडची वाट अडवून तिथे काय साधणार? अशा रुग्णांसाठी वेगळे उपचार लागतात.

उघडी खिडकी

मग हे इंजेक्शन टाकाऊ ठरले का? तसे नाही. त्याची जागा बदलली. आज वेदनातज्ज्ञ त्याकडे एक उघडी खिडकी म्हणून पाहतात. जो हात हलवताच जीव जातो, तो न हलवल्याने आणखी आखडतो, आणि आखडल्याने आणखी दुखतो. निवडक रुग्णांत इंजेक्शनाने काही तास, काही दिवस आग निवली तर त्या वेळात फिजिओथेरपिस्ट हात हलवून घेऊ शकतो. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर नस आणि सुई दोन्ही डोळ्यांनी दिसत असल्याने सुई नेमकी नेता येते. बरे करतो तो व्यायाम, आणि इंजेक्शन त्याला वाट करून देते. जोडीला गोळ्या असतात, मनाला उभारी देणारे उपचार असतात, आणि आरसाही असतो. चांगल्या हाताचे प्रतिबिंब आरशात दुखऱ्या हाताच्या जागी पाहत तो हलवायचा, म्हणजे मेंदूची समजूत हळूहळू पटते. आरशाची ही युक्ती मूळची आपल्या चेन्नईत शिकलेल्या डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांची. तुटलेल्या हाताच्या भासमान वेदनेसाठी त्यांनी ती 1990 च्या दशकात शोधली.

तेव्हा घरात कोणाचे प्लास्टर निघाल्यावर हात फुगलेला, रंग बदललेला, स्पर्शही न सोसणारा राहिला तर महिनोन्‌महिने वाट पाहू नका. लवकर सुरू केलेल्या उपचारांचा उपयोग अधिक होतो. आणि हात गळ्यात अडकवून बसू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने तो वापरत राहा.

शेवटी पुन्हा त्या वाक्याकडे वळू. 'हाड तर जुळलंय, मग दुखतं कसं?' वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत एक टीप जोडली. आपल्याला वेदना होते आहे असे माणूस सांगतो, तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. एवढे मोठे शास्त्र, एवढी औषधे, एवढ्या चाचण्या, आणि त्यांच्या शेवटी हे साधे वाक्य! पण फिलाडेल्फियातल्या त्या वॉर्डात ओले फडके गुंडाळून बसलेल्या सैनिकांना सर्वांत आधी तेच मिळाले होते. औषध नंतर आले. आपल्या हाती सुई नाही, औषध नाही. विश्वास ठेवणे मात्र आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे.